कुठलंच जनावर न खाणारं गवत आणि १३ टीएमसी पाणी



आजची नोंद पिकाची नाही, गवताची आहे. तेही असं गवत, की जे जनावराला घालत नाहीत आणि ज्याची कुणी गंजी रचत नाही. बागेत, चौकात, हापिसापुढे नुसतं बघायला लावतात ती हिरवळ. लॉन.

अमेरिकेत नेवाडा राज्यात लास वेगास शहर आहे. जुगाराचं आणि झगमगाटाचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत. २०२१ साली त्या राज्याने कायदा केला, की १ जानेवारी २०२७ पासून नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. श्रीमंत गाव स्वतःच्या हाताने हिरवळ उपटायला लागतं, तेव्हा त्यामागे काहीतरी हिशेब असणार. तो हिशेब शंभर वर्षांचा आहे. पुतण्या इंग्रजीतलं वाचून सांगायचा आणि मी वहीत आकडे आपल्या मापात करून ठेवायचो. गॅलनचे लिटर, एकर-फुटाचे टीएमसी. ती वही आज तुमच्यापुढे उघडतोय, कारण या गोष्टीत शेतकरी पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

हिरवळ आली कुठून?

हिरवळीचं माहेर इंग्लंड. तिथे बारमाही भुरभुर पाऊस, ऊन कोवळं. गवत आपोआप हिरवं राहतं. अठराव्या शतकात तिथल्या जमीनदारांनी वाड्यापुढे मैलभर हिरवळ ठेवायची पद्धत पाडली. ती राखायला मेंढ्या असायच्या, नाहीतर विळ्या घेऊन मजूर. एवढी जमीन पेरणीविना मोकळी ठेवणं ज्याला परवडतं तो मोठा माणूस, असा त्याचा अर्थ. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचं यंत्र काढलं. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र असतं, त्यावरून त्याला ते सुचलं. मजूर कमी लागायला लागले आणि हिरवळ मध्यम माणसाच्या दारात आली. पुढे ती अमेरिकेत गेली. पूर्व अमेरिकेत पाऊस बरा, म्हणून तिथेही ती जगली.

गडबड झाली ती पश्चिमेला. तिथला मुलूख कोरडा, पण पूर्वेकडून गेलेल्या लोकांनी डोळ्यापुढची हिरवळ सोबत नेली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी एक फ्रेडरिक ओल्मस्टेड. एवढा मोठा उद्यानकार, पण त्याने १८६६ सालीच सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांना सांगितलं होतं, की पूर्वेकडच्या बागेची नक्कल इथल्या हवेत करू नका. फार कुणी ऐकलं नाही.

कुरणाचं गाव

‘लास वेगास’ हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ कुरणं. वाळवंटाच्या मधोमध तिथे जिवंत झरे होते, त्यांच्या ओलीवर गवत उगवायचं, म्हणून वाटसरूंनी हे नाव ठेवलं. पाऊस किती, तर वर्षाला साधारण १०० मिलिमीटर. आमच्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, पण एखाद्या वर्षी परतीच्या पावसाचे दोन दिवसच एवढे पडून जातात.

१९०५ साली रेल्वे कंपनीने झऱ्यांजवळ प्लॉट पाडून लिलाव केला आणि गाव वसलं. लोकांनी विहिरी, बोअर पाडले. आपल्याकडे जे झालं तेच तिथे झालं. उपसा वाढला, पातळी खाली गेली आणि १९६२ पर्यंत ते झरे वाहायचे थांबले. ज्या कुरणावरून गावाला नाव पडलं ते कुरण वाळलं. तोवर गावात बंगल्यापुढे, हॉटेलापुढे, रस्त्याच्या दुभाजकावर नळाच्या पाण्यावर वाढवलेली नवी कुरणं तयार झाली होती.

नदीची वाटणी

कोलोरॅडो नदी सात राज्यांची. १९२२ साली वाटणीचा करार झाला. वरच्या भागाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या भागाला तेवढंच. एका एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट, आपले सव्वाबारा लाख लिटर. १९२८ च्या कायद्याने खालच्या तीन राज्यांचे वाटे ठरले. टीएमसीत सांगतो. कॅलिफोर्नियाला साधारण १९२, ॲरिझोनाला १२२ आणि नेवाडाला फक्त १३. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे नेवाडाचा वर्षाचा वाटा कोयनेचा आठवा हिस्सा. तेव्हा तिथे वस्तीच नव्हती, म्हणून भांडायलाही फार कोणी नव्हतं.

त्या करारात एक खोट राहिली. नदी मोजली ती ज्या वर्षांत, ती वर्षं नेमकी जास्त पावसाची निघाली. पुढे १९७० च्या दशकात अभ्यासकांनी जुन्या झाडांच्या खोडातली वर्षावलयं मोजून दाखवलं, की नदीचं खरं सरासरी पाणी कराराच्या आकड्यापेक्षा बरंच कमी आहे. चांगल्या सालाचा उतारा धरून दरवर्षीच्या कर्जाचा हप्ता ठरवला, तसं झालं ते.

१९३५ साली हूवर धरण झालं. त्यामागचा मीड तलाव एवढा मोठा, की कोयनेसारखी दहा धरणं त्यात मावून जागा उरेल. तलाव वेगासच्या उशाशी, पण वाटा तेवढाच, १३ टीएमसी. गाव मात्र दर दहा वर्षांनी फुगत गेलं.

शहराला पाणी कमी पडलं की रस्ते दोन

पहिला रस्ता सोपा. खेड्याचं आणायचं. हे लॉस एंजेलिसने करून दाखवलं होतं. तिथून उत्तरेला ओवेन्स नावाचं खोरं, शेती-बागायतीचं. शहराच्या माणसांनी तिथल्या जमिनी पाण्याच्या हक्कासकट विकत घेतल्या आणि १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा काढून पाणी शहरात नेलं. खोऱ्यातलं ओवेन्स सरोवर पुढच्या दहा-बारा वर्षांत कोरडं पडलं. १९२४ साली शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कालव्याची दारं ताब्यात घेऊन पाणी वाळवंटात सोडून दिलं आणि तिथेच चूल मांडून काही दिवस बसले. शेवटी पाणी शहरालाच गेलं. कोरड्या सरोवराची धूळ त्या भागातल्या लोकांनी पुढे कितीतरी वर्षं खाल्ली.

वेगासनेही हाच रस्ता धरला होता. १९८९ साली तिथल्या पाणी खात्याने राज्याच्या ग्रामीण खोऱ्यांमधलं भूजल आपल्याला मिळावं म्हणून अर्ज टाकले. शेकडो किलोमीटरची पाइपलाइन टाकून ते शहरात आणायचं, असा बेत. त्या खोऱ्यांत गुरं-मेंढ्यांवर आणि चाऱ्याच्या शेतीवर जगणारी माणसं. त्यांनी, आदिवासींनी, शेजारच्या यूटा राज्यातल्या लोकांनी कोर्टकचेऱ्या केल्या. खात्याने मधल्या काळात तिथले काही रँच पाण्याच्या हक्कासाठी गुरांमेंढरांसकट विकतसुद्धा घेतले. ओवेन्सची आठवण सगळ्यांना होती. तुम्ही शहरात शोभेचं गवत भिजवताय आणि आमचं कुरण मागताय, हे कुठलं? असा साधा सवाल होता.

दुसरा रस्ता अवघड. आपल्या घरातली गळती बघायची. वेगासची गळती होती हिरवळ.

गवताचं पाणी मोजलं कसं?

कोरड्या मुलखाची बाग कशी असावी, यासाठी १९८१ साली डेन्व्हर शहराच्या पाणी खात्याने एक शब्द तयार केला, ‘झेरिस्केप’. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडं. त्याचे सात नियम आहेत. आधी आखणी, मग माती सुधारणा, लागेल तेवढीच हिरवळ, हवेला मानवणारी झाडं, बेताचं सिंचन, आच्छादन आणि निगा. वाचून मला हसू आलं. आखणी, शेणखत, योग्य वाण, ठिबक, पाचटाचं आच्छादन, हेच तर कोरडवाहू शेतीशाळेत आपल्याला सांगतात.

वेगासमध्ये १९९१ साली तिथल्या पाणी संस्थांनी एकत्र येऊन एक प्राधिकरण केलं. पॅट्रिशिया मलरॉय या बाई त्याच्या प्रमुख. ग्रामीण भूजलाचे अर्जही त्यांच्याच काळातले आणि हिरवळ काढायची मोहीमही त्यांच्याच काळातली. प्राधिकरणाने काही वर्षं घरोघरी वेगळे मीटर बसवून पाणी मोजलं आणि २००५ साली अहवाल काढला. एका चौरस फूट हिरवळीला वर्षाला ७३ गॅलन पाणी, कोरडवाहू बागेला १७ गॅलन.

आता हे आपल्या मापात बघा. ७३ गॅलन म्हणजे २७६ लिटर. चौरस फुटावर ते उभं केलं तर जवळजवळ तीन मीटर उंची होते. आपण सुरू उसाला पाटाने पाणी दिलं तर वर्षाला अडीच ते पावणेतीन मीटर धरतात. म्हणजे ती हिरवळ उसाच्या वरताण पाणी पीत होती. एकराला १ कोटी २० लाख लिटर. ऊस निदान कारखान्याला जातो, हिरवळ फक्त कापून फेकायची. त्याच एकरावर कोरडवाहू बाग केली तर २८ लाख लिटरमध्ये भागतं. एकरी ९२ लाख लिटरची बचत.

एवढं पाणी का लागतं? त्या बंगल्यांपुढे बहुतेक करून थंड हवेतलं फेस्क्यू गवत. गव्हाच्या जातकुळीतलं म्हणा, ४५ अंशांत त्याला जगवायचं तर पाणी ओतावंच लागणार. उन्हाळी गवतात तिथे बर्म्युडा ग्रास लावतात, त्याला कमी पाणी लागतं. बर्म्युडा ग्रास म्हणजे कोण माहितीये? आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. जी काढता काढता आपली कंबर मोडते, ती तिथे पैसे देऊन लावतात.

आणखी एक गोम आहे, ती नीट समजून घ्या. वेगासमध्ये घराच्या आत वापरलेलं पाणी, अंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं, शुद्ध होऊन परत मीड तलावात जातं. जेवढं परत गेलं तेवढं जास्त उचलायची मुभा असते. म्हणून आतलं पाणी फिरत राहतं. बाहेर गवतावर टाकलेलं हवेत उडून जातं, ते कायमचं गेलं. त्यामुळे बादलीने अंघोळ करा असं सांगण्यापेक्षा गवत काढा असं सांगणं त्यांना जास्त फायद्याचं पडलं. कुठे वाचवलेलं पाणी खरंच वाचतं, हे आधी शोधलं.

मोहीम

१९९९ पासून प्राधिकरण हिरवळ काढणाऱ्याला पैसे द्यायला लागलं. ठिबकचं अनुदान समजा, फक्त एकरावर नाही, चौरस फुटावर. सुरुवातीला फुटाला डॉलरपेक्षा कमी, पुढे वाढत तीन डॉलरपर्यंत. अटी कडक. नुसती खडी पसरून चालत नाही. झाडं वाढल्यावर निम्मी जागा तरी झाकली पाहिजे, पाणी ठिबकनेच द्यायचं, आणि पुन्हा हिरवळ लावणार नाही असं लिहून द्यायचं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसं ते मिळकतीला चिकटतं.

२००२ साली नदीला नेहमीच्या चौथ्या हिश्शाएवढंच पाणी आलं आणि सगळ्यांची झोप उडाली. २००३ पासून नव्या घरांच्या पुढच्या अंगणात हिरवळीला बंदी झाली. गोल्फच्या मैदानांना पाण्याचा कोटा लागला. पाणी रस्त्यावर वाहू दिलं तर दंड.

सार्वजनिक बागांचं काय केलं, ते आपल्या नगरपालिकांनी बघण्यासारखं आहे. त्यांनी हिरवळीचे दोन भाग केले. जिथे पोरं खेळतात, माणसं बसतात, ती कामाची. तिला हात लावायचा नाही. जिच्यावर मशीन फिरवणाऱ्याशिवाय कुणाचा पाय पडत नाही ती बिनकामाची. दुभाजक, चौक, उतार, पार्किंगच्या कडा, इमारतींच्या पुढच्या पट्ट्या. २०२१ चा कायदा या बिनकामाच्या हिरवळीला लागू आहे. घराच्या अंगणाला तो लागू नाही. अशी हिरवळ सुमारे ३,९०० एकर निघाली आणि ती काढून वर्षाला साधारण सव्वा टीएमसी वाचेल, असा त्यांचा अंदाज.

हिरवळीच्या जागी लावतात काय? पालो वर्दे, मेस्कीट, घायपातीच्या जाती, निवडुंग, वाळवंटी फुलझाडं. आपली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातलीच, या मेस्कीटच्या कुळातली. वाळलेल्या झऱ्यांच्या जागेवरच २००७ साली १८० एकरांचं ‘स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह’ उद्यान उघडलं. कोरडवाहू बाग बघायची, झाडं ओळखायची आणि घरी जाऊन तसं करायचं, अशी ती शहरी लोकांची शेतीशाळाच आहे.

हिशेब काय लागला?

२०२१ पर्यंत सुमारे २० कोटी चौरस फूट हिरवळ निघाली. एकरात धरा साडेचार हजार. अहवालातल्या बचतीने गुणलं तर वर्षाला जवळपास दीड टीएमसी. १३ टीएमसीचा वाटा असलेल्या गावाला हे लहान नाही. २००२ नंतर तिथे सात लाखांवर माणसं वाढली, तरी नदीतून उचललेलं निव्वळ पाणी कमी झालं. आणि २०२० साली प्राधिकरणाने ग्रामीण भूजलाची ती पाइपलाइन सोडून दिली. कोर्टातले पराभव हे एक कारण. गवत काढून गरज घटली, हेही तेवढंच मोठं. तीस वर्षं लढलेल्या त्या गुराख्यांचं पाणी त्यांच्या खोऱ्यात राहिलं. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. हिरवळीतली मोठी झाडं तिच्याच पाण्यावर जगत असतात. तुषार बंद केला आणि झाडाला वेगळं ठिबक दिलं नाही, की झाड वाळतं. वेगासमध्ये काही ठिकाणी तसं झालंय. खडी दिवसभर तापते आणि रात्रीही गरम राहते. म्हणून गवत काढायच्या आधी झाडाची सोय, हा क्रम चुकता कामा नये.

आणि नुसत्या गवताने नदी वाचली नाही. २०२१ साली पहिल्यांदाच मीड तलावाची टंचाई जाहीर झाली आणि जुलै २०२२ मध्ये तलावात फक्त २७ टक्के पाणी उरलं. नेवाडाचा वाटाच मुळात नदीच्या दोन टक्क्यांच्या आत. माणसं वापरतात त्या पाण्यातलं तीन चतुर्थांशाच्या आसपास शेतीला जातं, आणि त्यातलं बरंचसं लसूणघासासारख्या चाऱ्याला. म्हणजे शहराने आपलं अंगण झाडलं, की सगळ्यांचे डोळे शेताकडे वळतात. कॅलिफोर्नियात हे झालं. १ एप्रिल २०१५ ला गव्हर्नर जेरी ब्राऊन डोंगरात एरवी पाच फूट बर्फ असतं त्या जागी कोरड्या गवतावर उभे राहिले आणि शहरांनी २५ टक्के पाणी कमी करावं, ५ कोटी चौरस फूट हिरवळ काढावी, असा हुकूम काढला. लगेच ओरड झाली, की शेतकऱ्याला का सोडलं? बदामाच्या बागांवर लोक तुटून पडले. त्यांचा बदाम, आपला ऊस.

आपल्याकडे काय?

एप्रिल २०१६ आठवा. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असं सांगितलं. मैदानाच्या गवताला पाणी द्यायचं की माणसाला, हा प्रश्न आपण कोर्टात विचारला. तो निकाल आपल्याला बरा वाटला. पण सामने गेले आणि मोजमाप काही झालं नाही. कुठल्या बागेला, कुठल्या मैदानाला किती पाणी आणि ते कुठलं, याची नोंद ठेवायची सवय लागली नाही.

माझं म्हणणं एवढंच. तालुक्याच्या गावात नवी बाग होते, तेव्हा पहिलं काम हिरवळीचे गालिचे अंथरायचं असतं. दोन उन्हाळ्यांत ती जळते, मग टँकर. त्याऐवजी खेळायला एक पट्टा हरळीचा ठेवा, बाकी कडुनिंब, करंज, आपटा, बहावा लावा, बुडाला पालापाचोळ्याचं आच्छादन करा, रोप लागेपर्यंत ठिबक द्या. पाणी द्यायचंच तर सांडपाणी शुद्ध करून द्या, धरणाचं नको.

आणि आपण शेतकऱ्यांनीही आपला आकडा तयार ठेवावा. वेगासच्या लोकांची बाजू उभी राहिली ती मीटर लावून मोजल्यामुळे. उद्या शहर आपल्या धरणाचं पाणी मागायला आलं, आणि ते येणारच, तर त्याला ‘तुमच्या हिरवळीचं दाखवा’ म्हणायचं असेल तर आपल्या उसाचं, डाळिंबाचं एकरी किती गेलं हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. मी डाळिंबाच्या ठिबकवर या हंगामात मीटर बसवलाय, महिन्याचे आकडे इथे टाकत जाईन. ज्यांच्या गावात बागेचं किंवा मैदानाचं पाणी मोजलं जातं त्यांनी आकडे कळवा. कृषी खात्यातल्या मित्रांनी माझ्या गुणाकारात कुठे चूक दिसली तर दाखवावी, वहीत दुरुस्त करून घेतो.